कृषिपंपांची वीज-थकबाकी : वसुलीच्या आधी हिशेब

‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण महाराष्ट्रातील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. सावकाराच्या वहीत काय लिहिले जाते आणि काय लिहावयाचे राहते, याचा अनुभव त्याने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. आज सोसायटीचे कर्ज काढताना तो मुद्दल विचारतो, व्याज विचारतो, भरलेल्या हप्त्याची पावती मागून घेतो. असा हा व्यवहारी शेतकरी एका कागदाच्या बाबतीत मात्र उदासीन असतो. तो कागद म्हणजे विहिरीवरील पंपाचे वीजबिल. हे बिल हाती पडते, त्यावरील शेवटचा आकडा पाहिला जातो आणि कागद कोनाड्यात जातो. आत काय लिहिले आहे, पंप किती अश्वशक्तीचा धरला आहे, मीटरचे वाचन झाले की सरासरीने युनिट लावले, जुन्या बाकीवर व्याज किती चढले, हे क्वचितच कोणी वाचून पाहतो.

या उदासीनतेचे फळ लहानसहान नाही. राज्य शासनाने २०२० च्या डिसेंबरात कृषिपंप वीजजोडणी धोरण जाहीर केले, त्या वेळी राज्यातील कृषिपंपांकडील थकबाकी चाळीस हजार कोटी रुपयांच्या वर गेलेली होती. पुढे २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे चालू बिल एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत शासन भरणार असल्यामुळे, आता थकबाकीचा प्रश्न मिटला अशी समजूत गावोगाव पसरली आहे. ही समजूत बरोबर नाही. चालू बिल कोणी भरावयाचे, एवढाच प्रश्न या योजनेने पाच वर्षांपुरता सोडविला आहे. बिल बरोबर आहे की नाही, हा प्रश्न जेथे होता तेथेच आहे. थकबाकीचे खरे मूळ या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

थकबाकी कशी साचली

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली. त्यानंतरच्या काळात विहिरींवर विजेचे पंप बसविण्याचे काम झपाट्याने वाढले. मोटेच्या जागी मोटार आली, बारमाही बागायत वाढली आणि कोरडवाहू गावांत ऊस, द्राक्षे व भाजीपाला दिसू लागला. पंपांची संख्या लाखांवर गेल्यावर दूरदूरच्या विहिरींवरील मीटर वाचणे मंडळास जड जाऊ लागले. तेव्हा मीटर न वाचता, पंपाच्या अश्वशक्तीवर ठराविक आकार घेण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत सोयीची होती यात संशय नाही. वाचन नको, फेरे नकोत आणि बिलाचा आकडा शेतकऱ्यासही आगाऊ ठाऊक. परंतु किती वीज प्रत्यक्ष विहिरीवर पोहोचली, याचे मोजमाप त्या दिवसापासून सुटले.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. पाच अश्वशक्तीचा पंप ढोबळमानाने तासाला पावणेचार युनिट वीज घेतो. एखाद्या विहिरीस पाणी भरपूर असून पंप वर्षात दीडशे दिवस, दररोज सहा तास चालला, तर नऊशे तासांचे सुमारे ३,३५० युनिट होतात. शेजारच्या शेतकऱ्याची विहीर डिसेंबरातच तळ गाठते. त्याचा पंप साठ दिवस, दररोज चार तास चालला, तर दोनशे चाळीस तासांचे सुमारे ९०० युनिट होतात. एकाचा वापर दुसऱ्याच्या पावणेचार पट आहे. अश्वशक्तीवरील आकारणीत मात्र दोघांचे बिल सारखेच येते. पाणी नसलेल्याने पाणी असलेल्याच्या बरोबरीने पैसे भरावयाचे, ही गोष्ट कोणाही शेतकऱ्याच्या मनास पटणारी नाही. जे मनास पटत नाही ते बिल प्रथम मागे पडते, मग साचते आणि शेवटी ते भरण्याची इच्छाच उरत नाही.

२००३ च्या विद्युत कायद्याने मीटरशिवाय वीजपुरवठा करू नये असे ठरविले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. तथापि पुष्कळ पंप बिनमीटरचेच राहिले. जेथे मीटर बसले तेथेही कित्येक ठिकाणी ते बंद पडले किंवा त्यांचे वाचन झाले नाही, आणि बिले सरासरीवर निघत राहिली. कृषिवापराच्या या अंदाजांवर ग्राहक संघटनांनी वेळोवेळी आक्षेप घेतले. राज्य वीज नियामक आयोगाने याच्या तपासणीसाठी कार्यगट नेमला, आणि २०२० च्या दर-आदेशात कंपनीने दाखविलेला कृषिवापर जसाच्या तसा मान्य झाला नाही. म्हणजे अंदाज आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे, ही तक्रार केवळ चावडीवरची राहिलेली नाही.

व्याजाचा डोंगर

बिल चुकीचे असले तरी व्याज थांबत नाही. समजा, एखाद्या खात्यावर दहा हजार रुपये बाकी आहे आणि शेकडा बारा दराने सरळ व्याज धरले, तर दरसाल बाराशे रुपये चढतात आणि आठ वर्षे चार महिन्यांत व्याज मुद्दलाइतके होते. मूळचे दहा हजार बरोबर होते की नाही, हे तोपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. बिल करणारा कर्मचारी बदलून गेलेला असतो, पंप जुना झालेला असतो आणि कधी कधी ज्याच्या नावावर जोडणी आहे तो खातेदारही हयात नसतो. अशा वेळी कंपनीच्या वहीत ती रक्कम येणे म्हणून दिसते, आणि शेतकरी ती देणे म्हणून मानीत नाही. ज्या रकमेविषयी देणारा व घेणारा यांचे एकमत नाही, तिची वसुली कितीही मोहिमा काढल्या तरी पूर्ण होणे कठीण.

याचा अर्थ कंपनीची बाजू दुबळी आहे असा नव्हे. वितरण कंपनी वीज विकत घेते, आणि शेतकऱ्याने बिल भरले वा न भरले तरी तिला वीज निर्माण करणाऱ्यास पैसे द्यावेच लागतात. वसुली थांबली की देखभाल थांबते. रोहित्राचे तेल वेळेवर बदलले जात नाही, जुन्या तारा तशाच लोंबत राहतात, एका रोहित्रावर भार वाढत जातो, दाब कमी होतो आणि मोटारी जळतात. मोटार जळालेला शेतकरी म्हणतो, ‘असल्या विजेचे पैसे कसले भरावयाचे?’ पैसे आले नाहीत म्हणून सेवा बिघडते आणि सेवा बिघडली म्हणून पैसे येत नाहीत. हे चक्र तोडावयाचे तर कोठून तरी आरंभ केला पाहिजे, आणि तो आरंभ हिशेबापासूनच करावा लागेल.

माफीने काय शिकविले

थकबाकीवर आजवर योजिलेला मुख्य उपाय म्हणजे सवलत व माफी. २००४ साली शेतीसाठी मोफत विजेची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेण्यात आली. त्यानंतर कृषी संजीवनी या नावाने व्याज व दंडात सूट देणाऱ्या योजना निघाल्या. २०२० च्या धोरणात तर, सुधारित थकबाकीपैकी निम्मी रक्कम पहिल्या वर्षात भरल्यास उरलेली निम्मी माफ, अशी सवलत होती. वसूल रकमेपैकी ३३ टक्के त्याच ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात आणि ३३ टक्के त्याच जिल्ह्यात वीजसुधारणेच्या कामांवर खर्च करण्याची त्यातील तरतूद विशेष चांगली होती. कारण गावाने भरलेला पैसा गावाच्या रोहित्रावर दिसावा, ही अपेक्षा अगदी रास्त आहे.

परंतु वसुलीच्या बाबतीत शासनाचे धोरण एका दिशेने चालले असे म्हणता येणार नाही. २०२१ च्या मार्चमध्ये अधिवेशनाच्या आरंभी वीज तोडण्यास स्थगिती जाहीर झाली आणि अधिवेशन संपताना ती उठली. २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा तीन महिन्यांसाठी तोडणी थांबविण्यात आली. अशा उलटसुलट निर्णयांतून शेतकरी एकच धडा घेतो : थांबावे, काहीतरी निघेल. ज्याने वेळेवर बिल भरले त्याच्या पदरात काही पडत नाही; ज्याने आठ वर्षे थांबून पाहिले त्याला निम्मी सूट मिळते. गावातील प्रामाणिक शेतकऱ्यास आपण मूर्ख ठरलो असे वाटावे, यापरते वसुलीचे दुसरे नुकसान नाही. शिवाय माफीमुळे आकडा कमी होतो, पण तो मुळात का चुकला हे तपासले जात नाही. त्याच मीटरवरून, त्याच सरासरीने नवी बाकी दुसऱ्या दिवसापासून साचू लागते.

एका रोहित्रावरील वीस पंप

दुसरा उपाय म्हणजे वीज तोडणे. समजा, एका रोहित्रावर वीस पंप आहेत. तेरा जणांनी बिल भरले आहे, सात जणांकडे बाकी आहे. प्रत्येक विहिरीवर जाऊन सात जोडण्या तोडण्यापेक्षा रोहित्रच बंद करणे सोपे जाते, आणि वसुलीच्या घाईत तसे घडल्याच्या तक्रारी अनेक गावांतून ऐकू येतात. हा प्रसंग बहुधा आर्थिक वर्षाच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्या वेळी उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा चिकात भरत असतो, उन्हाळी भुईमूग उगवून वर येत असतो, कांद्याची गाठ पोसत असते. या दिवसांत एक पाणीपाळी चुकली तर उतारा घटतो, आणि तो कितीही बिल भरले तरी परत मिळत नाही. तेरा जणांचे पीक सात जणांच्या बाकीपायी वाळते. पुढच्या वर्षी त्या तेरांपैकी किती जण बिल भरतील, याचा विचार वसुली करणाऱ्यांनी अवश्य करावा.

कायदाही असे सांगत नाही. विद्युत कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे ज्याची बाकी आहे त्याचीच वीज, त्याला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन, तोडता येते. बिलाविषयी वाद असल्यास शेतकऱ्याने मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती, आक्षेप नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही तरतूद प्रत्येक गावातील कार्यकर्त्यास तोंडपाठ असावयास हवी. त्याच कलमात दोन वर्षांच्या मुदतीचाही उल्लेख आहे आणि त्यावरून जुनी बाकी आपोआप बुडते असा काहींचा समज आहे. हा समज घातक आहे. दर बिलावर बाकी सतत दाखविली गेली असेल तर ती मुदतीबाहेर जात नाही.

वसुलीच्या वेळेबाबतही येथेच सांगणे योग्य होईल. जमीन महसूल पीक हाती आल्यानंतर हप्त्यांनी घेण्याची वहिवाट जुनी आहे, आणि तिच्यामागे शहाणपण आहे. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाती येतो, कापसाचा त्यानंतर दोन-तीन महिन्यांत, उसाचा कारखान्याच्या बिलाप्रमाणे. विजेचा हप्ता या वेळापत्रकाशी जुळविला, तर जो शेतकरी मार्चमध्ये हात झटकतो तोच नोव्हेंबरात पैसे मोजून देईल.

मुळा-प्रवरेचा अनुभव

वितरण गावाच्या हाती दिले की सर्व सुरळीत होईल, असेही कोणी म्हणतात. त्यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा इतिहास ध्यानात घ्यावा. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाल्यावर देशात पहिल्या पाच वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांत गुजरातेतील कोडिनार, कर्नाटकातील हुक्केरी, आताच्या तेलंगणातील सिरसिल्ला व उत्तर प्रदेशातील लखनौ यांच्या जोडीने मुळा-प्रवरा ही एक होती. श्रीरामपूर व आसपासच्या बागायती पट्ट्यात या संस्थेने अनेक वर्षे वीज वाटली. सभासद शेतकरी होते आणि कार्यालय हाकेच्या अंतरावर होते. तरीही मंडळाकडून घेतलेल्या विजेची बाकी संस्थेवर साचत गेली. घाऊक खरेदीचा दर किती असावा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर परवान्याची मुदत संपल्यावर २०११ च्या फेब्रुवारीपासून तेथील वितरण महावितरणकडे गेले. येथेही, किती वीज घेतली, किती वाटली, कोणत्या दराने आणि त्यातला किती भार शासनाचा, हा हिशेब सर्वांस मान्य होईल असा कधी मांडला गेला नाही. मालकी कोणाचीही असो, हिशेबाविना संस्था उभी राहत नाही, हाच त्यातील बोध होय.

शून्य बिलाची वर्षे

आजच्या परिस्थितीकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे मोफत विजेची ही पाच वर्षे किती मोलाची आहेत हे कळून येईल. या काळात चालू बिलाचे ओझे नाही, वसुलीचा तगादा नाही, कर्मचारी व शेतकरी यांच्यात नित्याचा कलह नाही. खाते दुरुस्त करण्यास याहून चांगली वेळ येणार नाही. पण घडत आहे ते उलटेच. बिल शून्य म्हणून शेतकरी ते पाहत नाही, आणि शेतकरी पाहत नाही म्हणून मीटर वाचण्याची निकड कोणास वाटत नाही. वस्तुतः त्या शून्याच्या वर युनिटांचा आकडा छापलेला असतो, आणि शासन कंपनीस जे पैसे देते ते या युनिटांच्या हिशेबाने. चुकीचे युनिट लागले तर त्याचे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्याच खिशातून जातात. उद्या योजनेची मुदत संपली किंवा तिच्यात बदल झाला, तर पाच वर्षे कोणी न तपासलेला तोच आकडा पुढच्या बिलाचा पाया ठरेल. साडेसात अश्वशक्तीवरील पंपांना तर ही सवलत नाहीच. त्यांची बिले आजही नेहमीप्रमाणे चालू आहेत.

तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पुढील कामे याच काळात हाती घ्यावीत. प्रथम, रोहित्रवार यादी करावी. प्रत्येक रोहित्रावर किती पंप आहेत, कोणाच्या नावावर आहेत, मंजूर अश्वशक्ती किती, मोटारीच्या पट्टीवर किती, मीटर आहे की नाही, चालू आहे की बंद, एवढ्या नोंदी एका वहीत पुरेशा आहेत. ही यादी प्रामाणिक असली पाहिजे. तीन अश्वशक्तीच्या पंपास पाचचे बिल येत असेल तर तक्रार करावी. पण पाचच्या मंजुरीवर साडेसातचा पंप चालत असेल तर तेही लिहावे. चोरून वाढविलेला भार आणि तारेवर टाकलेले आकडे यांमुळेच शेजाऱ्याची मोटार जळते, हे गावात कोणास ठाऊक नाही?

दुसरे, मृत खाती शोधावीत. विहीर आटली, पंप उचलला, पण जोडणी कागदोपत्री चालूच आहे, अशी प्रकरणे थोडी नाहीत. ती जोडणी कायमची बंद करण्याचा अर्ज द्यावा. खातेदार वारला असल्यास सातबाऱ्यावरील वारसांनी खाते आपल्या नावे करून घ्यावे. भावाभावांत वाटणी झाली असेल तर बाकी कोणाकडे, हे घरातच लिहून ठरवावे. नाहीतर पंप एक चालवितो आणि नोटीस दुसऱ्यास येते.

तिसरे, फीडरवरील मोजमाप मागावे. ज्या भागात गावठाण व शेती यांचे फीडर वेगळे झाले आहेत, तेथे उपकेंद्रावरील मीटर शेतीकडे एकूण किती वीज गेली हे दाखविते. त्यातून वाटेतली गळती वजा करून, त्या फीडरवरील सर्व बिलांतील युनिटांची बेरीज ताडून पाहावी. बेरीज जास्त निघाली तर अंदाज फुगविलेला आहे. फार कमी निघाली तर वीज कोठेतरी चोरीला जात आहे. दोन्ही गोष्टी उघड होणे गावाच्या हिताचेच आहे.

चौथे, तक्रार तोंडी करू नये. लाईनमनला सांगितलेली गोष्ट त्याच्याबरोबर बदलून जाते. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि निकाल न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे व त्यापुढे विद्युत लोकपालाकडे जावे. हे मार्ग कायद्याने दिलेले आहेत. ते वापरणे म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे.

पाचवे, ग्रामपंचायतीने आपले घर आधी झाडावे. पथदिवे व पाणीपुरवठा योजना यांची बिले थकलेली असताना शेतकऱ्यास बिल भरण्याचा उपदेश करणाऱ्यांचे शब्द कोणी मनावर घेणार नाही.

कंपनीकडूनही दोन अपेक्षा आहेत. ज्या खात्याची तपासणी झालेली नाही त्याच्या जुन्या बाकीची वसुली करण्यापूर्वी मुद्दल, व्याज व भरणा यांचा वर्षवार उतारा शेतकऱ्याच्या हाती द्यावा. आणि तपासणीनंतर जी बाकी खरी ठरेल ती मात्र कोणाचीही भीड न बाळगता, हप्ते पाडून, त्याच खातेदाराकडून घ्यावी. हिशेब पटल्यावर देणे नाकारणारे लोक गावात थोडेच असतात, आणि त्यांच्यावर कारवाई झाली तर उरलेले गाव कंपनीच्या बाजूने उभे राहील.

विहिरीचे पाणी पाटाने शेतात नेताना शेतकरी प्रथम पाट तपासतो. कोठे उंदराचे बीळ आहे, कोठे बांध फुटला आहे, हे पाहून मग मोटार सुरू करतो. फुटक्या पाटात कितीही पाणी सोडले तरी शेवटचा वाफा कोरडाच राहतो, हे त्याला ठाऊक असते. विजेच्या व्यवहारातील हिशेबाचा पाट अनेक वर्षे फुटका राहिला आहे. मार्च २०२९ पर्यंतची मुदत तो बुजविण्यास पुरेशी आहे. प्रत्येक गावाने या रब्बीच्या हंगामात निदान एका रोहित्राची यादी पुरी करून आरंभ करावा.